वाचक विचारतात : परतताना अंधार का होतो?

प्रश्न : आमचा नेहमीचा आठ जणांचा गट दिवसभराच्या रानभटकंतीला जातो. नकाशावर १५ किलोमीटरच दिसतात, तरी परतताना अंधार पडतो. हिशेब कुठे चुकतो?

उत्तर : बहुधा चढ मोजायचा राहतो. गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२चा ठोकताळा आजही उपयोगी आहे : ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. तुमच्या वाटेत ६०० मीटर चढ असेल तर चार तास. त्यात थांबे नाहीत. गटासाठी दीडपट, म्हणजे सहा धरा.

दुसरी गोम थांब्यांत असते. पुढचे विसावतात आणि मागचा पोहोचला की लगेच उठतात. दमलेल्याला विश्रांती मिळतच नाही. (हे बऱ्याच गटांत घडतं!) सर्वांत सावकाश चालणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवा, वाट जाणणारा शेवटी.