सोलमधला पत्ता कोरियन लिपीतच मागून घ्या

स्टेशनाबाहेर येईपर्यंत सगळं चकचकीत आणि सोपं, मग पाच मिनिटांत बोळात हरवलो, फोनवरचा नकाशा चालायची वाट दाखवेना, असं तुम्ही सोलच्या प्रवासाबद्दल लिहिलंय. वाचताना २०१८ मधली माझी पहिली रात्र डोळ्यांसमोर आली.

व्हिसा, पैसे, थंडीचे कपडे हे तुम्ही बघितलंच असेल. माझं घोडं अडलं पत्त्यावर. ज्यांच्याकडून बुकिंग केलं, त्यांनी व्हाउचरवर गेस्ट हाऊसचा जुना पत्ता दिला होता, तोही रोमन लिपीत. जुने पत्ते म्हणजे जमिनीचे नंबर, आपल्याकडच्या सर्व्हे नंबर-हिस्सा नंबरसारखे. शेजारच्या घराचा नंबर पुढचाच असेल याची खात्री नाही. २०१४ पासून तिथे सरकारी कामात रस्त्याच्या नावाचे पत्ते सक्तीचे झाले. त्यात एका बाजूला विषम, दुसऱ्या बाजूला सम नंबर, म्हणून घर चटकन सापडतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. सोलच्या होंगदे भागाजवळ योन्नाम-दोंग वस्तीच्या गल्ल्यांतून दीड तास बॅग ओढली. बुकिंगवाल्यांना फोन केला तर म्हणे, "मॅडम, पत्ता व्हाउचरवर आहे." तो उर्मटपणा मी आजही विसरलेले नाही. पैसे घेताना तत्पर असणाऱ्यांनी कोरियन लिपीतली एक ओळ पाठवायला काय हरकत होती?

शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मुलाने सोडवलं. रोमन अक्षरं त्याला लागेनात. मग त्याने व्हाउचरवरचा गेस्ट हाऊसचा फोन नंबर स्वतःच्या नकाशात टाकला आणि लाल खूण उमटली, तीन गल्ल्या पलीकडे. काउंटर सोडून तो मला वळणापर्यंत पोचवायला आला.

म्हणून माझं ठाम मत: पुढच्या वेळी निघण्याआधी मुक्कामाच्या जागेला थेट लिहा आणि रस्त्याच्या नावाचा पत्ता कोरियन लिपीत, फोन नंबरासह मागवा. कागदावर मोठ्या अक्षरात छापून घ्या. टॅक्सीवाल्यालाही तेच दाखवा. नेव्हर मॅप किंवा काकाओमॅप ही तिथली नकाशाची ॲप फोनवर इथूनच उतरवून ठेवा. गूगलला तपशीलवार नकाशे देशाबाहेर न्यायची परवानगी कोरियन सरकारने २०१६ मध्ये नाकारली होती, त्यामुळे मी गेले तेव्हा त्यावर पायी वाट मिळत नव्हती. आता फरक पडला असेल तर इथल्या ताज्या प्रवाशांनी सांगावं. मी माझ्या अनुभवापुरतंच बोलतेय.

आणि मेट्रो स्टेशनाच्या नावाबरोबर बाहेर पडायच्या दाराचा नंबरही विचारा. तिथली माणसं वाट सांगतात तीच मुळी "अमुक स्टेशन, तीन नंबरचं दार" अशी. चुकीच्या दाराने वर आलात तर आठ पदरी रस्त्याच्या पलीकडे निघाल.

शाकाहारी असाल तर किमचीत, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या भाजीत, बहुतेकदा मासळीचा अर्क असतो, तेही विचारून घ्या. बसमधून उतरतानाही टी-मनी कार्ड (बस-मेट्रोच्या भाड्याचं) टेकवायचं, नाहीतर पुढच्या मेट्रोचे पैसे वेगळे कापले जातात.