वाचक विचारतात : चर्चमधले पितळी नाइट

प्रश्न : इंग्लंडमधल्या एका मध्ययुगीन स्मृतिपटाचा (चर्चमध्ये दगडात बसवलेला, मृताची आकृती कोरलेला पितळी पत्रा) कागद ठेवून वर मेण घासून घेतलेला काळा-पांढरा ठसा माझ्याकडे आहे. त्यावरून नाइटच्या (सरदार योद्ध्याच्या) ढालीवरच्या घराण्याच्या चिन्हाचे रंग ओळखता येतात का?

उत्तर : नुसत्या ठशावरून नाही. सोनेरी रंगासाठी पितळ गुळगुळीत तसंच ठेवत. ठशात ते काळं उतरतं. रुपेरीसाठी पत्रा कोरून शिशासारखा पांढरा धातू बसवत. लाल, निळा, हिरवा यांसाठी खळगा करून रंगीत मेण किंवा राळ भरत. भरण पकडून राहावं म्हणून खळग्याचा तळ मुद्दाम खडबडीत ठेवत. तरी बहुतेक भरण गळून गेलंय, आणि रिकामा खळगा ठशात पांढराच येतो. म्हणून पांढरं दिसलं की ते रुपेरी, असं धरू नका. मूळ पट पाहा, तळाच्या कोपऱ्यांत रंगाचे कण राहिलेले असतात. सरे परगण्यातल्या स्टोक डॅबरननला सर जॉन डॅबरनन यांच्या ढालीवर तर निळा मिना अजून टिकून आहे. सोनेरी पट्टा त्यावर घराच्या आढ्यासारखा कोन करतो. (हा पट पूर्वी १२७७ चा मानत, आता १३२७ च्या सुमाराचा मानतात.)

उभ्या रेषा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी, ही काळ्या-पांढऱ्या चित्रांत रंग दाखवायची खुणांची पद्धत १७व्या शतकातली. ती मध्ययुगीन पटाला लावली की हमखास घोटाळा होतो. शिवाय ढालीची उजवी-डावी बाजू ती धरणाऱ्याच्या अंगाने मोजतात. नवरा-बायकोच्या घराण्यांची चिन्हं एकाच उभ्या दुभागलेल्या ढालीवर असतील, तर आपल्या डाव्या हाताला दिसतं ते नवऱ्याचं.

प्रश्न : केंब्रिजजवळच्या ट्रम्पिंग्टनच्या सर रॉजर यांचे पाय पटावर एकावर एक आहेत, आणि अशी आकृती धर्मयुद्धाला गेलेल्याची असं म्हणतात. ते धर्मयुद्धाला गेले होते का?

उत्तर : पायांवरून काहीच ठरत नाही; ती त्या काळच्या कारागिरांची लकब. ढाल जास्त बोलकी आहे. तिच्यावर तुताऱ्या (इंग्रजीत ‘ट्रम्पेट’) आहेत, म्हणजे थेट आडनावावरची कोटी. केंटमध्ये चार्थमला सर रॉबर्ट द सेप्टवान्स यांच्या ढालीवर धान्य पाखडायची सुपं (फ्रेंचमध्ये ‘व्हान’) आहेत, तीही तशीच.

प्रश्न : ठसा घेताना रेषा दुहेरी उमटतात, कागद फाटतो. काय चुकतं?

उत्तर : आधी चर्चची परवानगी घ्या, काही ठिकाणी शुल्क असतं, काही ठिकाणी पूर्ण मनाई. मऊ ब्रशने धूळ काढा, कारण कागदाखालचा एक खडाही पितळेवर ओरखडा पाडतो. चिकटपट्टी दगडावर लावा, पितळेवर नको. दगडाचे पापुद्रे निघत असतील तर कागदावर वजनं ठेवा. रेषा दुहेरी येतात त्या कागद सरकल्यामुळे. पत्र्याच्या कडा आणि रिव्हेटची डोकी कागदावरूनच अंगठ्याने आधी चाचपून घ्या, कागद तिथेच फाटतो. मग काजळी घातलेल्या कडक मेणाची वडी हलक्या हाताने फिरवा आणि एक भाग पुरा झाल्यावरच पुढचा घ्या. ठसा उठून दिसावा म्हणून पितळेला पॉलिश मात्र कधीच लावू नका, उथळ रेषा त्यानेच झिजतात.