धास्ती पुढच्याची, धसका मागच्याचा

सांगलीत मानसशास्त्रात एम. ए. करणाऱ्या एका मुलीने विचारलंय: 'परदेशातून जीव वाचवून आलेल्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर प्रबंध लिहितेय. ट्रॉमाला मानसिक आघात म्हणू का? आणि ही मुलं निर्वासित की शरणार्थी?'

आघात लिही, कुणी गुण कापणार नाही. ट्रॉमा ग्रीकमधला, अर्थ जखम, हे कुठेही सापडेल. माझं डोकं फिरतं ते दुसऱ्याच गोष्टीने. परवा विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर एक पोरगा म्हणत होता, "व्हायवाचा ट्रॉमा झालाय राव." ही तोंडी परीक्षा पुढच्या सोमवारी! जे घडलंच नाही त्याची धास्ती असते. घडून गेलेल्याचा बसतो तो धसका.

आणि तुला हवाय तो हाच शब्द. छातीत 'धस्' होतं म्हणून धसका, असं सांगून कोशवाले मोकळे होतात. मूळ शोधायचा कंटाळा आला की आवाजावर ढकलायचं, ही जुनी खोड. एका जाणकारांनी तर धसका आणि धास्ती सख्खी भावंडं ठरवली. धास्ती दहशतीची लेक, तिचं गोत्रच वेगळं! माझ्या मते धसका येतो धसण्यातून. विहीर धसते, भिंत धसते, काठ धसतो. (धसकटाशीही नातं जोडायचा मोह होतोय, पण आवरतो.)

काठ कधी धसतो ते नदीकाठच्यांना विचार. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा हरिपुराकडची काठाची मळीची जमीन पाण्याखाली तशीच उभी होती. पाणी उतरलं, ऊन पडलं, लोक घरातला गाळ उपसायला लागले, आणि एका दुपारी बांधावरच्या बाभळीसकट काठाचा तुकडा सावकाश नदीत बसला. पूर असताना पाण्याचाच काठाला बाहेरून टेका असतो. तो टेका झपाट्याने निघतो, पण आतली माती पाणी पिऊन जड झालेली असते. मग ती बसते.

माणसाचंही तसंच. सुदान किंवा अफगाणिस्तानातून निघालेला मुलगा सीमा ओलांडताना, छावणीत, कागदपत्रांच्या रांगेत ताठ उभा असतो. प्रवेश मिळतो, वसतिगृहात खोली मिळते, आणि दुसऱ्या सत्रात झोप उडते. सगळं सुरळीत असताना आता काय झालं, म्हणून सर वैतागतात. मानसोपचाराच्या निदान-पुस्तिकेत आघातानंतरच्या विकाराचा, घटनेनंतर सहा महिने किंवा त्याहून उशिरा पुरता उमटणारा प्रकार वेगळा नोंदलेला आहे. 'आघात' म्हटलं की फक्त तो घाव पडल्याचा क्षण दिसतो. 'धसका घेतला' म्हटलं की पुढचं सगळं त्यात येतं.

हां, निर्वासित की शरणार्थी. निर्वासित म्हणजे घालवून दिलेला. शरणार्थी म्हणजे आसरा मागणारा. पहिल्यात त्याच्यावर काय गुदरलं ते आहे, दुसऱ्यात तो आपल्या दारात का उभा आहे ते. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही, तेव्हा कायदा तुझा हात धरणार नाही. मी निर्वासित लिहीन. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणच्या छावणीत उतरली तेव्हापासून मराठीत तोच रुळलाय. 'रेफ्युजी स्टुडंट्सचा ट्रॉमा' असा मथळा दिलास, तर मात्र प्रबंध मला दाखवू नकोस.