गोल्डफिश एकेक करून मरताहेत, टाकीत कोणतं औषध टाकू?

औषधाची बाटली आज बाजूलाच ठेवा. तुम्ही लिहिलंय की दोन फुटी टाकी महिन्यापूर्वी आणली, सहा गोल्डफिश सोडले. दर रविवारी सगळं पाणी ओतून खडे, काच, फिल्टर नळाखाली चकचकीत धुता, तरी दोन दिवसांत पाणी दुधाळ होतं. दोन मासे गेले, उरलेल्या चौघांच्या अंगावर पांढरे ठिपके आहेत आणि एक तळाशी पर मिटून बसलाय. ठिपके हा रोग खराच, पण तो बळावलाय पाण्यामुळं. आणि पाणी बिघडलंय ते घाणीपेक्षा तुमच्या धुण्यामुळं.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. हे विष पाण्यात दिसत नाही. फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढणारे जिवाणू आधी त्याचा नायट्राइट करतात, तोही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्रेट करतात, तो बराच सौम्य. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. क्लोरीनच्या पाण्याखाली स्पंज पिळला की ती मरते. म्हणजे तुमची टाकी दर रविवारी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. दुधाळपणा हा पाण्यात मोकळे वाढणाऱ्या दुसऱ्याच जिवाणूंचा असतो आणि तेही प्राणवायू खातात. आमच्या कोल्हापूरच्या पंचगंगेत सांडपाणी वाढलं की मासे तोंड वर काढून तडफडतात, तेही बहुतेक वेळा याच कारणानं.

हे मला पुस्तकातून कळलं होतं, पटलं मात्र २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात. आमच्याकडं दोन दिवस लाईट नव्हती, आणि उपसा केंद्रंच पाण्यात गेल्यामुळं नळही बंद. पिण्याचं पाणी मोजून वापरत होतो, टाकीत कुठलं घालणार? मासे वर येऊन तोंड उघडमिट करायला लागले तसा मी तांब्यानं टाकीतलंच पाणी उचलून वरून धार सोडत बसलो, रात्रभर, थोड्या थोड्या वेळानं. सगळे तगले. लाईट आली आणि घाईघाईनं बंद फिल्टर तसाच चालू केला. आत जिवाणू गुदमरून मेलेले, पाणी कोंडून सडलेलं. सडक्या अंड्यासारखा वास आला तेव्हा उशीर झाला होता. संध्याकाळपर्यंत चार मासे गेले. त्यातला काळा मूर जातीचा गोल्डफिश पाच वर्षं माझ्या हातून खात होता. लाईट तासन्‌तास गेली, तर फिल्टर आधी काढून टाकीतल्याच पाण्यात खळबळून घ्या आणि मगच लावा, हे तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतो.

आता आजचं काम. दोन दिवस खाणं बंद. गोल्डफिश त्यानं मरत नाही. रोज पाव टाकी पाणी बदला, त्याहून जास्त नको. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून त्यात एअर पंपाची नळी सोडून ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. घाई असेल तर क्लोरीन मारणारे हायपोचे (सोडियम थायोसल्फेट) खडे दुकानात मिळतात. स्पंज टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच हलका पिळायचा. थेंबांचं तपासणी किट मात्र घ्याच: अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४० भाग) आत. डोळ्यांनी स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावर विश्वास ठेवू नका.

ठिपके अंगभर रवा भुरभुरल्यासारखे असतील तर तो 'इक' नावाचा परजीवी. (फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला ओळीनं असतील, तर तो विणीच्या दिवसांतला नर आहे, आजारी नाही.) कातडीखाली असेपर्यंत या परजीवीवर कुठलंच औषध लागू पडत नाही. तो गळून तळाशी जातो, तिथं त्याची शेकडो पिल्लं होतात, आणि ती नवा मासा शोधत पोहत असतात तेवढ्या वेळातच औषधानं मरतात. म्हणून ठिपके गेल्यावरही उपचार आठवडाभर चालू ठेवायचा. थंड पाण्यात हे चक्र लांबतं, तेव्हा हीटर असेल तर दिवसाला एक-दोन अंश चढवत २८ पर्यंत न्या आणि हवा वाढवा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

मीठ घ्या ते खडेमीठ, लिटरला २ ग्रॅम. तुमच्या टाकीत खडे वजा जाता साधारण ४५ लिटर पाणी असेल, म्हणजे ९० ग्रॅम. दीड दिवसात तीन वेळा विरघळवून घाला. नंतर जेवढं पाणी बदलाल तेवढ्यापुरतंच मीठ. झाडं असतील तर ती आधी दुसरीकडं हलवा. चार-पाच दिवसांत उतार नाही पडला तर मॅलेकाइट ग्रीनचं औषध बाटलीवरच्या मापानं, फिल्टरमधला कोळसा काढून. निळं मिथिलीन ब्लू मुख्य टाकीत नको, ते जिवाणूंची वस्ती मारतं. आणि माणसांच्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल फोडून टाकायचा सल्ला मलाही एका दुकानात मिळाला होता. तो ऐकू नका.

एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. दोन फुटी टाकीला चार गोल्डफिशही जास्तच आहेत, ते सहज अर्ध्या फुटाच्या वर जातात. बरे झाले की दोन तरी मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. रंकाळा किंवा कळंबा तलावात मात्र सोडू नका. आपला रोग तिथल्या माशांना लागतो, आणि जगले तर तळ उकरून पाणी गढूळ करतात.

तळाशी बसलाय त्याचे कल्ले आजच टॉर्च लावून बघा. लालऐवजी तपकिरी दिसले तर नायट्राइटनं रक्तात प्राणवायू धरला जात नाहीये. मग मिठाचा पहिला हप्ता उद्यावर टाकू नका. त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.