निसर्गात देव खरंच भेटतो का, की हे नुसतं बोलायला बरं वाटतं?

भेटतो. मला आमच्या देवराईत भेटला, म्हणून ठामपणे सांगतो.

गाव संगमेश्वर तालुक्यात. राईतला देव म्हणजे एक पाषाण, वर छप्पर नाही. देवाला छप्पर चालत नाही, असं जुनी माणसं सांगायची. चपला बाहेर काढायच्या, वाळकी काटकीसुद्धा चुलीला न्यायची नाही. शिमग्याच्या सुमारास आजोबा मला बेहड्याखाली गप्प बसवायचे. वर ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेऊन बसलेली, चोच बाहेर येईल एवढीच फट. नर आला की आधी पंखांचा आवाज यायचा. मग तो गळ्यातून एकेक फळ वर काढून तिला भरवायचा. पाषाणापुढे हात जोडून जे कधी वाटलं नाही, ते मला तिथे वाटलं.

पुढे जीर्णोद्धार निघाला. थोरले चुलतभाऊ, म्हणजे आमचे दादा, बैठकीत म्हणाले, "आपण स्लॅबखाली आणि देव पावसात, शोभतं का?" कौल लावला, देवाने हुकूम दिला, असं सांगण्यात आलं. बेहडा, ऐन, किंजळ तोडून विकले आणि त्या पैशात सभामंडप उभा राहिला. मी विरोध केला तर मला नास्तिक ठरवलं. अक्षय्य तृतीयेपर्यंत वाहणारा राईखालचा पऱ्या आता शिमग्यालाच आटतो. धनेश परत आले नाहीत. त्यांना जुन्या झाडाची ढोली लागते, ती कुठून आणणार?

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७६ साली पश्चिम घाटातल्या देवरायांवर लिहिलं. या राया श्रद्धेने राखल्या, हे तेव्हापासून सगळे मान्य करतात. श्रद्धा आटली म्हणून राया गेल्या, असंही म्हणतात. आमची तर भक्तीच्या नावाने गेली.

देवळं नकोत असं माझं म्हणणं नाही, मीही पंढरीला जातो. आणि रानात बसलं की प्रत्येकाला काही जाणवेलच असंही नाही. कुणाला नुसती भीती वाटते. तरी जवळ राई असेल तर पहाटे जा, फोन घरी ठेवा आणि एकाच झाडाखाली बसा. गावात जीर्णोद्धाराची बैठक असेल तर तिथेही जा, आणि झाडं किती जाणार ते आधी लिहून मागा.

दादा हे वाचत असतील तर त्यांना अजून विचारतो: तो कौल लावला कुणी, आणि तेव्हा तिथे हजर कोण होतं?