चोरी पाच हजारांच्या आतली असली, तरी ती कोठून झाली हे आधी पाहावे

आपण लिहिले आहे की, बसच्या प्रवासात डोक्यावरच्या रॅकवर ठेवलेली आपली पिशवी कोणीतरी लांबवली, तीत जुना मोबाइल, थोडी रोकड आणि काही मूळ कागदपत्रे होती, आणि पोलीस ठाण्यात ‘पाच हजारांच्या आतली चोरी आता अदखलपात्र झाली आहे’, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही, असे सांगून केवळ एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून आपली बोळवण करण्यात आली. जवळजवळ असाच प्रसंग माझ्यावर येऊन गेलेला असल्यामुळे सविस्तर उत्तर लिहीत आहे. मी वकील नाही. स्वतःच्या प्रकरणासाठी कायद्याची पुस्तके चाळून आणि कचेऱ्यांचे उंबरे झिजवून जे समजले तेवढेच येथे मांडतो, त्यामुळे पुढचे पाऊल उचलण्यापूर्वी एखाद्या फौजदारी वकिलाला कागद जरूर दाखवावेत.

फिर्याद कशी लिहावी, प्रत कशी घ्यावी, हे आपणास ठाऊक असेलच, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) नुसार साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंतचा कारावास किंवा दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्याच पोटकलमाच्या परंतुकात, म्हणजे त्याला जोडलेल्या अपवादात, असे म्हटले आहे की, चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा मालाची किंमत परत केली असेल, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा द्यावी. फौजदारी कारवाईची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत या प्रकारची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र म्हणून दाखवली आहे. त्यामुळे ठाण्यात आपणास सांगितले ते अगदीच निराधार नव्हते. मात्र ते अर्धेच होते. हे परंतुक कलम ३०३(२) मध्ये आहे आणि तेथेच संपते. हिसकावून नेण्याचे कलम ३०४, राहत्या घरातील किंवा वाहनातील चोरीचे कलम ३०५ आणि नोकराने केलेल्या मालकाच्या मालाच्या चोरीचे कलम ३०६, यांपैकी एकातही पाच हजारांची मर्यादा नाही. माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनातून कोणतीही वस्तू चोरली गेली, तर कलम ३०५ नुसार सात वर्षांपर्यंतचा कारावास आणि दंड होऊ शकतो, आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. आपली पिशवी प्रवासी बसमधून गेली आहे. ती पन्नास रुपयांची असती, तरी माझ्या समजुतीप्रमाणे कलम बदलले नसते.

माझ्या वेळी नेमकी हीच गोष्ट विचारात घेतली गेली नाही, आणि त्याचीच सर्वांत मोठी किंमत मला मोजावी लागली. ठाणे अंमलदारांनी पहिला प्रश्न विचारला तो मोबाइल किती जुना आहे हा, दुसरा विचारला तो आज विकला तर किती येतील हा, आणि त्या दोन उत्तरांवर त्यांनी प्रकरणाचा निकाल लावून टाकला. चालत्या बसमधून चोरी झाल्याचे माझ्या जबाबात त्यांनीच स्वतःच्या हाताने लिहिले होते, तरीही त्या वाक्याचा कलमाशी काही संबंध असू शकतो, असे त्या खोलीतील कोणालाही वाटले नाही. ‘आता न्यायालयात जा’ एवढे सांगून त्यांनी रजिस्टर मिटले. अदखलपात्र नोंदीवर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, त्यामुळे बस स्थानकातील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण मागायला कोणी गेले नाही. मी स्वतः गेलो, तेव्हा पोलिसांचे पत्र आणा, असे उत्तर मिळाले, आणि पत्र देण्यास ठाणे तयार नव्हते, कारण त्यांच्या लेखी तपास सुरूच झालेला नव्हता. वरिष्ठांकडे लेखी तक्रार गेल्यानंतर कलम दुरुस्त झाले आणि गुन्हा रीतसर नोंदवला गेला, परंतु तोपर्यंत त्या चित्रीकरणावर नवे चित्रीकरण चढलेले होते. पिशवी परत मिळाली नाही. मोबाइलचे दुःख लवकर ओसरले. मूळ कागदपत्रांच्या दुसऱ्या प्रती मिळवताना मात्र प्रत्येक खिडकीवर त्या अंमलदारांची आठवण झाली, ती काही प्रेमाने नव्हे.

येथे थोडे मतप्रदर्शन करतो, ज्यांना नको असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदाकडे जावे. पोटासाठी किंवा मोहापायी प्रथमच हात मारणाऱ्याला तुरुंगात सराईत गुन्हेगारांच्या संगतीला बसवू नये, हा परंतुकामागचा विचार मला मान्य आहे, किंबहुना तो फार पूर्वीच कायद्यात यायला हवा होता. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ मध्ये किमतीनुसार असा भेदच नव्हता. माझा आक्षेप वेगळा आहे. आरोपी प्रथमच दोषी ठरतो आहे की नाही आणि त्याने माल परत केला की नाही, या दोन्ही गोष्टी चोर सापडून खटला चालल्यावरच कळू शकतात. चोर अज्ञात असताना केवळ किंमत पाहून प्रकरण अदखलपात्र ठरवले, तर त्याला शोधण्याची वाटच बंद होते, आणि ज्याने माल परत करायचा तोच कधी समोर येत नाही. सौम्य शिक्षेसाठी केलेली तरतूद अशा रीतीने तपास टाळण्याचे साधन होऊन बसते.

आता आपण काय करावे, ते सांगतो. ठाणे प्रभारींच्या नावे एक लहानसा अर्ज करावा, त्यात चोरी प्रवासी वाहनातून झाल्याचे पहिल्याच वाक्यात लिहावे आणि कलम ३०५ नुसार गुन्हा नोंदवण्याची विनंती करून पोच घ्यावी. बस अनेक हद्दींतून गेली म्हणून ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असे उत्तर मिळाल्यास, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडलेला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याने घेणे आवश्यक आहे, हे नम्रपणे निदर्शनास आणावे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर प्रथम खबर (एफ.आय.आर.) नोंदवणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. नागरिक सुरक्षा संहितेत काही गुन्ह्यांसाठी चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मुभा आहे खरी, पण ती तीन वर्षे किंवा अधिक, मात्र सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती आहे, आणि कलम ३०५ त्यात बसत नाही. तरीही दाद न मिळाल्यास पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी खबर पाठवावी, आणि तेथेही काही घडले नाही, तर त्याच संहितेच्या कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज करता येतो. हा शेवटचा टप्पा वकिलाशिवाय गाठू नये, असे माझे मत आहे.

आपल्या प्रश्नाखाली एका सदस्याने किंमत वाढवून सहा हजार सांगा, असा सल्ला दिला आहे. तो कृपया ऐकू नये. लोकसेवकाला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो, आणि खोट्या आकड्यावर उभी असलेली फिर्याद उलटतपासणीत टिकत नाही. खरी किंमत लिहावी, खरेदीचे बिल असल्यास जोडावे, आणि रोकड व पिशवी यांची किंमतही त्यात धरावी. पुष्कळदा केवळ मोबाइलची किंमत लिहून बाकीचा माल वगळला जातो. चोरीची घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल, तर जुनी दंड संहिताच लागू होते आणि पाच हजारांचा प्रश्न मुळात उद्भवत नाही. मोबाइलचा पंधरा अंकी आय.एम.ई.आय. क्रमांक (प्रत्येक मोबाइलचा स्वतंत्र ओळख क्रमांक) खोक्यावर किंवा बिलावर सापडेल. तो फिर्यादीत लिहून घ्यावा, आणि सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरून मोबाइल बंद करून घ्यावा.

हे सर्व कागद तयार होण्याची वाट न पाहता, बस स्थानकाच्या व्यवस्थापकांना त्या दिवसाचे व त्या वेळेचे चित्रीकरण पोलिसांनी मागेपर्यंत राखून ठेवावे, अशी लेखी विनंती आजच द्यावी. आपल्याला चित्रीकरण दाखवण्यास ते नकार देतील, त्यावर वाद घालू नये. अर्जावर पोच, तारीख आणि शिक्का घ्यावा, आणि त्याची प्रत ठाण्यातील अर्जाला जोडावी.