धुक्यात फोटो फिके का येतात?

तुम्ही विचारलंय की दिवाळीनंतर नाशिकच्या आसपास धुक्यात लँडस्केप काढले की सगळे करडे आणि सपाट येतात, तर कॅमेरा बदलावा का. अजिबात नको. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो, त्यामुळे पांढरं धुकं दिसलं की तो फोटो काळपट करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मीटरपेक्षा उजळ किंवा गडद करायची सेटिंग) प्लस ०.७ ते १ ठेवा, रॉमध्ये, म्हणजे नंतर सुधारायला जास्त वाव देणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये काढा, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख, उजवीकडे सरकू द्या, फक्त टोकाला चिकटू देऊ नका.

पण सपाटपणाचं कारण वेगळं आहे, तुम्ही बहुतेक नुसतं धुकंच काढताय. धुक्याला जवळ काहीतरी गडद लागतंच. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात पाण्याच्या कडेला बघा, एक बाभूळ अगदी समोर, काळी कुळकुळीत, काटेसुद्धा मोजता येतील अशी, तिच्यामागची दुसरी करडी आणि तिसरी जेमतेम असल्यासारखी, बस, खोली आपोआप येते. थोडी लांब झूम लेन्स असेल तर हे थर अजून छान जवळ येतात. फोकस त्या पहिल्या झाडाच्या खोडाच्या कडेवर धरा, कारण नुसत्या धुक्यावर ऑटोफोकस पुढेमागे फिरत राहतो.

आपल्याकडे लालभडक पानगळ नसते पण या दिवसांत वाळायला लागलेलं गवत काय सुंदर दिसतं, त्याला कमी लेखू नका. आदल्या दिवशी जमिनीत ओल, रात्री आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर पहाटे निघाच, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरलाही चालेल. आणि ऊन आलं की लोक कॅमेरा आवरतात, ते करू नका!! धुकं विरळ होताना सूर्याकडे तोंड करून काढलेले फोटोच मला सगळ्यात जास्त आवडतात, किरणं तेव्हाच दिसतात.

निफाडकडे द्राक्षबागेत जाणार असाल तर आधी शेतकऱ्याला विचारा. त्यांच्यासाठी हे धुकं आणि दव म्हणजे डाऊनी या बुरशीसारख्या रोगाची धास्ती, सकाळी फवारणीची धावपळ असते, त्यात आपण ट्रायपॉड घेऊन मध्ये उभं राहणं बरं नाही.

लेन्सवर दव धरतं, म्हणून कोरडं मायक्रोफायबर खिशात ठेवा आणि घरी आल्यावर गार झालेला कॅमेरा लगेच बाहेर काढू नका, बॅगेतच थोडा वेळ राहू द्या, नाहीतर बाष्प धरतं.